मोरॉन: कचेरीत जन्मलेली शिवी

बहुतेक शिव्यांचा जन्मदाखला मिळत नाही. कुठल्या बाजारात, कुठल्या भांडणात त्या पहिल्यांदा तोंडातून निघाल्या हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. 'मोरॉन' या इंग्रजी शिवीचं मात्र सगळं ठाऊक आहे. साल १९१०, देश अमेरिका आणि जन्मदाते हेन्री हर्बर्ट गोडार्ड नावाचे मानसशास्त्रज्ञ. ती रागाच्या भरात जन्मली नाही. वर्गवारीच्या तक्त्यात एका ओळीला नाव नव्हतं, ते नाव म्हणून एका परिषदेत ती मांडली गेली. गोडार्ड यांच्या लेखी ती शिवी नव्हतीच. आधीचा कुठलाही अर्थ चिकटलेला नाही असा एक स्वच्छ, शास्त्रीय शब्द त्यांना हवा होता.

आज हा शब्द पुण्यामुंबईच्या कॉलेजांत, ऑफिसांत, वाहतूक कोंडीत अडकलेल्या गाडीत सर्रास ऐकू येतो. अर्थ सगळ्यांना माहीत असतो: मूर्ख, बिनडोक. पण इंग्रजीत मूर्खासाठी डझनावारी शब्द आहेत आणि त्यांची धार सारखी नाही. 'सिली' लाडात म्हणता येतं. 'फूल' म्हणजे ज्याने मूर्खपणा केला तो, आणि तो कुणाच्याही हातून होऊ शकतो. 'मोरॉन' म्हणताना मात्र बोलणारा माणसाच्या कृतीला नाव ठेवत नाही. याच्या डोक्यातच मुळात काही कमी आहे, असं तो सांगत असतो. ही जास्तीची तुच्छता त्या शब्दात रस्त्यावर शिरली नाही. ती जन्मापासूनच त्यात होती.

गोडार्ड १९०६ पासून न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड इथल्या एका निवासी शाळेत संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्या काळच्या भाषेत ही 'फीबलमाइंडेड', म्हणजे दुबळ्या बुद्धीच्या मुलामुलींची शाळा. अशा संस्थांपुढे रोजचाच एक प्रश्न असे. नव्याने आलेल्या मुलाला कुठल्या गटात घालायचं? डॉक्टर चेहरा बघत, चालणं-बोलणं बघत आणि अंदाज बांधत. एकाचा अंदाज दुसऱ्याशी जुळत नसे. १९०८ साली गोडार्ड युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि तिथे त्यांच्या हाती फ्रान्समधली एक चाचणी लागली.

ती चाचणी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ या दोघांनी १९०५ साली तयार केली होती. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं होतं, सगळी मुलं शाळेत येऊ लागली होती आणि त्यांतली काही मागे पडत होती. ती कोणती आणि त्यांना जास्तीची मदत कशी द्यायची, एवढंच शोधायचं होतं. चाचणीतली कामं अगदी घरगुती होती. चित्रातली वस्तू ओळखा, मी म्हणतो ते आकडे पुन्हा म्हणा, या दोन रेघांपैकी लांब कुठली ते सांगा. अशी बरीच कामं वेगवेगळ्या वयाच्या मुलांना देऊन बघितली, की साधारण सहा वर्षांचं मूल काय करू शकतं, आठ वर्षांचं काय करू शकतं, याचा एक जिना तयार होतो. आता समजा, दहा वर्षांच्या एखाद्या मुलीला सहाव्या पायरीपर्यंतचीच कामं जमली, तर तिचं 'मानसिक वय' सहा धरायचं. पुढे १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली. १९१६ साली अमेरिकेत लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणलं. आपण ज्याला 'आयक्यू' म्हणतो तो हाच आकडा. त्या दहा वर्षांच्या मुलीचा आयक्यू ६०.

बिने यांनी एक गोष्ट ठासून सांगितली होती. हा आकडा आजच्या कामाचा आहे, मुलाच्या नशिबाचा नाही. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेलं, कधीच न वाढणारं माप आहे असं मानणाऱ्यांवर ते १९०९ साली चांगलेच संतापले होते. अशा निर्दय निराशेचा आपण निषेध केला पाहिजे, असं त्यांनी लिहिलं. १९११ साली ते वारले. गोडार्ड यांनी त्यांची चाचणी इंग्रजीत आणली, पण हा इशारा फ्रान्समध्येच राहिला. या सगळ्या कहाणीतलं पहिलं नुकसान मला इथे दिसतं.

चाचणी हाती आल्यावर गोडार्ड यांनी तक्ता केला. मोठं झाल्यावरही ज्याचं मानसिक वय दोनच्या पुढे जात नाही तो 'इडियट'. तीन ते सात असेल तर 'इम्बेसाइल'. हे दोन शब्द डॉक्टरांच्या वापरात आधीपासून होते. आठ ते बारा या वरच्या पायरीला मात्र धड नाव नव्हतं. 'फीबलमाइंडेड' हा शब्द कधी सगळ्यांसाठी मिळून, तर कधी फक्त या वरच्या गटासाठी वापरला जायचा आणि घोळ व्हायचा. म्हणून गोडार्ड ग्रीक भाषेकडे वळले. 'मोरोस' म्हणजे मंद, बोथट, मूर्ख. त्यावरून 'मोरॉन'. हीच धातू 'ऑक्सिमोरॉन' या अलंकाराच्या नावात कितीतरी आधीपासून होती. 'ऑक्सिस' म्हणजे तीक्ष्ण आणि 'मोरोस' म्हणजे बोथट. आपल्या 'उघड गुपित'सारखी, एकमेकांच्या विरुद्ध शब्दांची जोडी.

या तीन पायऱ्यांतल्या खालच्या दोन शब्दांचा प्रवासही बघण्यासारखा आहे. 'इडियट'चं मूळ ग्रीक 'इडिओस', म्हणजे स्वतःचा, खासगी. 'इडिओटेस' म्हणजे ज्याच्याकडे कुठलंही सार्वजनिक पद नाही असा साधा माणूस. वैद्यापुढे वैद्यकी न शिकलेला तो इडिओटेस, सेनापतीपुढे साधा शिपाई तो इडिओटेस. जो राजकारणात भाग घेत नाही त्याला अथेन्सचे लोक 'इडियट' म्हणून हिणवत, अशी एक गोष्ट निवडणुका आल्या की फिरू लागते. ती जरा ताणलेली आहे. त्या शब्दाचा रोजचा अर्थ 'सामान्य माणूस', 'त्या विषयातला अडाणी' असाच होता. लॅटिनमध्ये जाईपर्यंत त्याचा 'अशिक्षित' झाला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आल्यावर 'मूर्ख'. इंग्लंडच्या कायद्यात तर तो मध्ययुगातच जाऊन बसला. जन्मापासून समज नसलेला तो 'इडियट'; समज होती पण गेली, आणि अधूनमधून परत येते, तो 'लुनॅटिक'. हा फरक कशासाठी, तर जमिनीसाठी. इडियटची जमीन कुणी सांभाळायची, उत्पन्न कुणी घ्यायचं, हे त्यावर ठरे. 'इम्बेसाइल'ची गोष्ट लहान आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता दुबळा, तोही शरीराने. अंगातला अशक्तपणा डोक्याला चिकटायला काही शतकं लागली.

इथे जरा वाट सोडून तीन शब्द शेजारी ठेवतो, कारण मला ते फार अस्वस्थ करतात. इंग्रजी 'सिली' जुन्या इंग्रजीत 'सेलिग' होता. अर्थ: धन्य, देवाचा आशीर्वाद असलेला. धन्यवरून निष्पाप, निष्पापवरून बिचारा, बिचाऱ्यावरून खुळा. फ्रेंचमधून आलेला 'क्रेटिन', तोही शिवीच. आल्प्सच्या डोंगराळ बोलीत त्याचा अर्थ होता 'ख्रिश्चन'. त्या दऱ्याखोऱ्यांत गळ्याला गलगंड असलेली, खुजी, बोलायला न येणारी बरीच माणसं असत. ही पण देवाचीच लेकरं, आपल्यासारखीच माणसं, या भावनेने गावकरी त्यांना ख्रिश्चन म्हणत. आणि तिसरा शब्द आपल्या घरचा. 'देवानांप्रिय', देवांना आवडणारा, ही सम्राट अशोकाची शिलालेखांतली पदवी. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत पुढे तिचा अर्थ नोंदवला गेला तो 'मूर्ख'. तीन वेगळ्या मुलखांत माणसांनी देवाचं नाव घेऊन आदराचे किंवा करुणेचे शब्द तयार केले आणि तिन्ही ठिकाणी त्यांच्या शिव्या झाल्या.

क्रेटिनच्या बाबतीत दुःख दुप्पट आहे, कारण ज्या अवस्थेवरून शब्द आला तिचं कारण फार साधं होतं. बर्फाने आणि पावसाने धुऊन निघालेल्या डोंगराच्या मातीत आयोडीन नसतं, म्हणून अन्नात नसतं. गर्भार बाईच्या पोटात ते गेलं नाही तर बाळाच्या थायरॉइड ग्रंथीचं काम बिघडतं आणि मेंदूची वाढ खुंटते. स्वित्झर्लंडने १९२२ साली मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढ्यांत हा आजार ओसरला. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याशी हाच प्रकार होता. डॉक्टर रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं दिसतं, त्यामागे हे सगळं आहे. चिमूटभर क्षार मिळाला नाही म्हणून जी माणसं तशी झाली, त्यांच्या नावाची जगाने शिवी केली.

पण 'मोरॉन' या सगळ्यांहून वेगळा. बाकीचे शब्द लोकांच्या तोंडी हळूहळू घसरत गेले. 'मोरॉन' मात्र शिवी होण्याच्या आधी हुकूम होता.

त्याचं कारण गोडार्ड यांच्या भीतीत आहे. इडियट आणि इम्बेसाइल म्हणवली जाणारी माणसं बघताक्षणी कळत. मोरॉन मात्र कुणासारखाही दिसतो. तो काम करतो, बोलतो, हसतो, लग्न करतो, त्याला मुलं होतात. गोडार्ड यांना हाच समाजाला खरा धोका वाटला. मेंडेलचे वाटाण्यांवरचे नियम १९०० साली नव्याने उजेडात आले होते आणि त्यांचा जोर मोठा होता. वाटाण्याच्या रंगासारखी बुद्धीही एकाच आनुवंशिक घटकावर ठरते, असं गोडार्ड यांनी धरून टाकलं. म्हणजे मोरॉनची मुलं मोरॉन होणार, गरिबी, दारू, गुन्हे सगळं तिथूनच येणार. उपाय एकच: ही माणसं शोधून काढायची आणि त्यांना मुलं होऊ द्यायची नाहीत.

१९१२ साली त्यांनी एका कुटुंबावर पुस्तक लिहिलं. कुटुंबाला नावही त्यांनीच दिलं: 'कॅलिकॅक'. ग्रीक 'कालोस' म्हणजे सुंदर, 'काकोस' म्हणजे वाईट. एका सैनिकाची दोन बायकांपासून झालेली दोन घराणी, एक सज्जनांचं आणि एक बिघडलेल्यांचं, असं ते चित्र होतं. बिघडलेल्या फांदीचं शेवटचं पान म्हणून त्यांनी व्हाइनलँडमधली एक मुलगी दाखवली आणि तिला 'डेबोरा' हे टोपणनाव दिलं. आठ वर्षांची असताना, १८९७ साली, ती तिथे आली होती. शिवण उत्तम, लाकूडकाम उत्तम, कॉर्नेट वाजवायची. चाचणीत बाविसाव्या वर्षी तिचं मानसिक वय नऊ भरलं. म्हणजे मोरॉन. पुढच्या काळात संशोधकांनी जुनी कागदपत्रं उलगडली तेव्हा त्या 'वाईट' घराण्यात शेतकरी, शिक्षक अशी साधी माणसं निघाली. डेबोरा मात्र संस्थेच्या बाहेर राहायला कधीच गेली नाही. १९७८ साली ती वारली. ८१ वर्षं ती संस्थांच्या भिंतींआड होती.

१९१३ साली गोडार्ड यांच्या मदतनीस बायका न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंडवर गेल्या. युरोपातून बोटीने आलेल्या गरीब माणसांची तिथे तपासणी होई. एक बाई रांगेतली माणसं नुसती बघून निवडायची, दुसरी त्यांची चाचणी घ्यायची. कित्येक दिवस समुद्रावर काढलेला, इंग्रजीचा गंध नसलेला, समोर कोण बसलंय हे न कळणारा माणूस आणि त्याच्या हातात पेन्सिल. निकाल आला की ज्यू, इटालियन, हंगेरियन, रशियन अशा ज्या लोकांना तपासलं त्यांतले सुमारे ८० टक्के 'फीबलमाइंडेड' आहेत. आपलं मापच चुकलं असेल ही शंका तेव्हा मनाला शिवायला हवी होती.

सगळ्यात वाईट घडलं ते व्हर्जिनिया राज्यात. कॅरी बक ही पालक कुटुंबात वाढलेली मुलगी. त्या कुटुंबाच्या नात्यातल्या एका तरुणाने तिच्यावर बलात्कार केला आणि तिला दिवस गेले. घरच्यांनी बदनामी टाळण्यासाठी तिलाच 'फीबलमाइंडेड' ठरवून अशा माणसांसाठी राज्याने चालवलेल्या वसाहतीत पाठवलं. तिची आई आधीपासून तिथे होती. कॅरीचं मानसिक वय नऊ ठरवलं गेलं, आईचं त्याहून कमी. कॅरीला झालेली मुलगी व्हिव्हियन सात महिन्यांची असताना एका समाजसेविकेने तिला बघितलं आणि ही काही नेहमीच्या बाळासारखी वाटत नाही, अशी साक्ष दिली. १९२४ च्या कायद्याखाली कॅरीची नसबंदी करायचं ठरलं आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ मे १९२७ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने नसबंदीला परवानगी दिली. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकालात लिहिलं की इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरेशा झाल्या. गोडार्ड यांच्याच तक्त्याने बघितलं तर कॅरी इम्बेसाइल नव्हती, मोरॉन होती. जिच्या शरीरावर शस्त्र चालवायची परवानगी दिली, तिच्यासाठी शब्दही नीट तपासला नाही.

त्या निकालाच्या आधाराने अमेरिकेत नसबंदीचे कायदे फोफावले. देशभरात ६०,००० हून अधिक माणसांची अशी सक्तीची नसबंदी झाली. १९३३ साली जर्मनीत नाझी सरकारने तसाच कायदा केला, तो सुमारे ४ लाख माणसांवर चालला. व्हर्जिनियातला कायदा १९७४ साली रद्द झाला आणि २००२ साली तिथल्या गव्हर्नरांनी माफी मागितली. व्हिव्हियन, ती तिसरी पिढी, शाळेत गेली. एका सत्रात तिचं नाव गुणवंतांच्या यादीत लागलं होतं. १९३२ साली, आठ वर्षांची असताना ती आजाराने वारली. कॅरी १९८३ पर्यंत जगली. शेवटच्या वर्षांत तिला भेटलेल्या अभ्यासकाने नोंदवलं आहे की ती रोज वर्तमानपत्र वाचायची आणि मैत्रिणीबरोबर शब्दकोडी सोडवायची.

मग हा शब्द शास्त्रातून गेला कसा? पहिला धक्का सैन्याने दिला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची बुद्धिचाचणी घेतली. गोऱ्या सैनिकांचं सरासरी मानसिक वय तेरा आलं. गोडार्ड यांच्या व्याख्येप्रमाणे बारापर्यंत मोरॉन, म्हणजे जवळजवळ निम्मं सैन्य मोरॉन. परदेशी मजुरांबद्दल हा आकडा लोकांनी मान हलवून मान्य केला होता, स्वतःच्या मुलांबद्दल आला तेव्हा व्याख्येत काहीतरी खोट आहे हे पटायला लागलं. १९२८ साली खुद्द गोडार्ड यांनी लिहून कबूल केलं की मोरॉन म्हटलेल्या बहुतेकांना शिक्षण देता येतं आणि त्यांना संस्थांत कोंडून ठेवायची गरज नाही. आपण आता शत्रूच्या गोटात गेलो आहोत, असं ते म्हणाले. या कबुलीबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन तेव्हा एक वर्ष उलटलं होतं आणि कॅरीची शस्त्रक्रियाही झाली होती.

शब्द तोवर रस्त्यावर आलाच होता. वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि १९४० च्या दशकात 'लिटल मोरॉन'च्या विनोदांची अमेरिकेत लाट आली. मोरॉनने घड्याळ खिडकीतून का फेकलं? वेळ उडताना बघायची होती म्हणून. डॉक्टर आता तो शब्द वापरायला कचरू लागले. त्यांनी नवा, मऊ शब्द घेतला: 'मेंटल रिटार्डेशन'. लॅटिन मुळाचा अर्थ नुसता 'उशीर होणं, मंद होणं'. त्यात कुणाला लागण्यासारखं काय? काही वर्षांत 'रिटार्ड' ही शाळेच्या मैदानावरची सगळ्यात लागणारी शिवी झाली. २०१० साली अमेरिकेत रोझाज लॉ नावाचा कायदा झाला आणि संघराज्याच्या कायद्यांतून तो शब्द काढून 'इंटेलेक्चुअल डिसॅबिलिटी' घातला गेला.

मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ साली या प्रकाराला पायाने फिरवायच्या चक्राची उपमा दिली. आपल्याकडे त्यासाठी रहाटगाडगं आहे. विहिरीतून एक पोहरा भरून वर येतो, ओततो, रिकामा होऊन खाली जातो, मागून दुसरा येतो. या क्षेत्रात काम करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेची पाटी बघा. १८७६ साली तिच्या नावात 'इडियॉटिक' होतं. १९०६ साली 'फीबलमाइंडेड' उरलं. १९३३ साली 'मेंटल डेफिशियन्सी' आलं, १९८७ साली 'मेंटल रिटार्डेशन' आणि २००७ पासून 'इंटेलेक्चुअल अँड डेव्हलपमेंटल डिसॅबिलिटीज'. ब्रिटनमध्ये मेंदूच्या विकारामुळे स्नायू ताठरलेल्या, म्हणजे 'स्पॅस्टिक' माणसांसाठी 'स्पॅस्टिक्स सोसायटी' नावाची संस्था होती. मुलं एकमेकांना 'स्पॅझ' म्हणून चिडवू लागली तेव्हा १९९४ साली तिने नाव बदलून 'स्कोप' केलं. मुलांनी थोड्याच दिवसांत 'स्कोपर' काढलं. 'मंगोल' हा शब्द तर एका अख्ख्या देशाला लागला होता. १८६६ साली जॉन लँगडन डाउन यांनी चेहरेपट्टीवरून तो दिला आणि १९६५ साली मंगोलियाने तक्रार केल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडला. आता आपण डाउन सिंड्रोम म्हणतो.

मग शब्द बदलण्यात अर्थच काय, असं कुणी विचारेल. मला तरी अर्थ दिसतो. पोहरा खाली जाणारच, पण तो वर असतो तेवढ्या वर्षांत एक मूल त्या नावाने शाळेत जाऊन येतं.

आपल्याकडे हे शब्द इंग्रजांच्या कायद्याबरोबर आले. १९१२ च्या भारतीय लुनसी कायद्यात 'लुनॅटिक' म्हणजे इडियट किंवा अस्थिर मनाची व्यक्ती, अशी व्याख्या होती. तो कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बदलेपर्यंत पुस्तकात होता. स्वतंत्र भारताने १९५५ साली हिंदू विवाह कायदा केला, त्यातही लग्नाच्या वेळी वधू-वरांपैकी कुणी 'इडियट किंवा लुनॅटिक' नसावं अशी अट होती. १९७६ च्या दुरुस्तीने ते शब्द गेले.

मराठीत मूर्खाला नावं ठेवायला आपण कधीच कमी पडलो नाही. बावळट, मठ्ठ, खुळा, येडा, बिनडोक. शाळेत 'ढ' तर प्रत्येकाने ऐकलेला. ब्राह्मी लिपीपासून आजवर ज्याचं वळण फारसं बदललं नाही असं हे अक्षर, काही केल्या सुधारत नाही म्हणून तसं म्हणतात, अशी त्याची गोष्ट सांगतात. हे शब्द लोकांच्या तोंडी घडले. ते लागतात, पण त्यांच्यामागे कुठला अर्ज नसतो, शिक्का नसतो. 'ढ' म्हटलेला पोरगा संध्याकाळी त्याच मुलांबरोबर खेळायला जातो. 'मतिमंद' मात्र 'मोरॉन'च्या जातीचा शब्द आहे. तो कचेरीत जन्मला, मदत करायच्या हेतूने जन्मला, शाळांच्या पाट्यांवर आणि सरकारी प्रमाणपत्रांवर आला आणि तिथून मैदानावर उतरला.

आणि त्या पाटीखाली काय होऊ शकतं हे महाराष्ट्राने बघितलं आहे. १९९४ साली शिरूरच्या मतिमंद मुलींच्या शासकीय वसतिगृहातल्या बऱ्याच मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढून टाकण्यात आली. कारण सांगितलं गेलं ते पाळीच्या स्वच्छतेचं. त्या मुलींना ते जमत नाही, सांभाळणाऱ्यांना त्रास होतो. स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या, देशभर वाद झाला. व्हर्जिनियातली कारणं वेगळी होती, काळ वेगळा होता, आणि दोन्ही प्रकार एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण दोन्हीकडे मुलीचं नाव बाजूला पडलं होतं आणि तिच्या फाइलवरचा शब्द तिच्या वतीने बोलत होता.

म्हणून कुणी 'इडियट' म्हणालं तर मी हल्ली फारसं मनावर घेत नाही. त्या शब्दाचा दाखला आज कुणाच्याही घरी नाही, तो झिजून गुळगुळीत झाला आहे. 'मोरॉन'ही त्याच वाटेवर आहे, जरी त्याची कहाणी कळल्यापासून माझ्या तोंडून तो निघत नाही. 'रिटार्ड' आणि 'मतिमंद' यांचं तसं नाही. त्यांचे कागद अजून कपाटांत आहेत.

माझ्या मावशीच्या कपाटात आहेत. तिचा मुलगा, आमचा बापू, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. निळ्या कापडी फायलीत तिने त्याचे सगळे दाखले तारखेवार लावले आहेत. सगळ्यात खालचा इंग्रजीत, 'मेंटली रिटार्डेड' असं टंकलेला. त्याच्यावर शाळेचा, 'मतिमंद' असा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर काढलेल्या नव्या कार्डावर 'बौद्धिक अक्षमता'. प्रत्येकावर बापूचा फोटो आहे, पहिल्यात चट्टेरी शर्ट, शेवटच्यात कानाजवळ पांढरे केस. नवं कार्ड आलं त्या दिवशी मी तिथेच होतो. मावशीने ते चष्मा लावून वाचलं, काही बोलली नाही, फायलीत नीट सरळ करून ठेवलं. बापूने ते पुन्हा बाहेर काढलं, फोटोवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "मी ना हा?"

"हो, तूच," मी म्हणालो.